पत्रादेवीचा पहारा, मोपाचा कॅमेरा

पोर्तुगीज अमदानीच्या अखेरच्या दशकांत गोव्यात घरी लग्न ठरले, की पत्रिकेचा मजकूर छापण्याआधी सरकारच्या सेन्सॉरला दाखवावा लागे. वधूवरांची नावे, मुहूर्ताची वेळ, आप्तेष्टांना आग्रहाचे निमंत्रण, एवढाच तो मजकूर. पण चार माणसे एका मांडवाखाली जमणार म्हटल्यावर ती कोण आणि कशासाठी, हे राज्यकर्त्यांना आधी कळायला हवे असे. १९४६ च्या जूनमध्ये राममनोहर लोहिया असोळण्याला डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांच्या घरी विश्रांतीसाठी आले. भेटायला येणाऱ्या गोंयकारांकडून त्यांनी ऐकले ते हेच: सभेला बंदी, लिहिण्याला बंदी, परवान्याशिवाय तोंड उघडायची सोय नाही. १८ जूनला मडगावात भर पावसात त्यांनी बंदी मोडून सभा घेतली आणि त्यांना अटक झाली. गोव्याच्या मुक्तिलढ्याचा तो आरंभ म्हणून आपण दरवर्षी साजरा करतो. पण त्या दिवशी लोकांनी झुगारले ते केवळ परकीय राज्य नव्हते. कोण कोणाशी बोलतो, कोण कुठे जातो, हे टिपून ठेवणारी एक नजर होती. तिच्यासमोर उभे राहून लोक प्रथमच मोठ्याने बोलले.

ही नजर एका दिवसात आली नव्हती. १९१० साली पोर्तुगालात राजेशाही गेली, प्रजासत्ताक आले आणि गोव्यातल्या हिंदूंना प्रथमच मोकळा श्वास घेता आला. शाळा निघाल्या, मराठी वाचनालये उभी राहिली, वर्तमानपत्रे निघाली. पुढे हुकूमशहा सालाझारचा काळ आला. १९३० च्या वसाहत कायद्याने मिळालेले बरेच काही परत गेले. छापील अक्षरावर सेन्सॉर बसला. १९४५ मध्ये लिस्बनला ‘पीद’ या राजकीय पोलीस दलाची स्थापना झाली. १९५० च्या दशकात त्याचे हात गोव्यापर्यंत पोहोचले.

पेडणे आणि डिचोली हे सरहद्दीवरचे तालुके तसे गोव्याच्या पोर्तुगीज इतिहासात उशिरा आलेले. डिचोली आणि सत्तरी १७८० च्या दशकाच्या आरंभी पोर्तुगीजांकडे गेली आणि पेडणे १७८८ मध्ये सावंतवाडीकर भोसल्यांकडून त्यांना मिळाले. त्यामुळे इथली नाती, कुळदेवते, बाजार आणि सोयरिकी सगळ्या तेरेखोल नदीच्या पलीकडे पसरलेल्या होत्या. पेडण्याच्या घरात सून बांद्याची, डिचोलीच्या घरात जावई दोडामार्गचा, हे आजही आहे आणि तेव्हाही होते. राजकीय पोलिसांच्या दृष्टीने हीच खरी अडचण होती. सरहद्द नकाशावर एक आणि माणसांच्या येण्याजाण्यात दुसरीच. प्रत्येक पाहुणा संशयित ठरवता येत होता, आणि ठरवलाही जात होता.

त्या काळची पाळत माणसांच्या बळावर चालत असे. गावात रेजिदोर असे, तालुक्याला आदमिनिस्त्रादोर, चौकीवर पोलीस, आणि या सगळ्यांच्या खाली खबरे. खबऱ्या म्हणजे बाहेरून आलेला कोणी नव्हे. तो शेजारीच असे. कोणाच्या ओसरीवर रात्री उशिरापर्यंत दिवा जळत होता, कोणाकडे बेळगावहून माणूस आला, कोणाच्या मुलाने शाळेत काय गायले, हे चौकीवर पोहोचत असे. टपाल फोडले जाई. बाहेरून येणारे मराठी वर्तमानपत्र हाती सापडणे धोक्याचे होते. या व्यवस्थेला सगळ्यांवर सतत लक्ष ठेवता येत नव्हते आणि त्याची गरजही नव्हती. आपल्यावर लक्ष असू शकते, एवढे प्रत्येकाला वाटले की काम भागत होते. मग माणूस आपणहून आवाज खाली करतो, पाहुण्याला आपणहून सांगतो की दिवसा येऊ नकोस, आणि मुलाला बजावतो की बाहेर काही बोलू नकोस. अमदानीतला खरा जाच विचारला तर तो तुरुंगाइतकाच या घरगुती भीतीत होता.

अर्थात तुरुंगही होते. आग्वाद, रेईश मागूश, म्हापसा आणि पणजीच्या कोठड्या. अस्नोड्याचा बाळा राया मापारी हा आझाद गोमंतक दलाचा तरुण १९५५ च्या फेब्रुवारीत कोठडीत छळ होऊन मरण पावला. साथीदारांची नावे काढण्यासाठी तो छळ होता आणि नावे त्याने दिली नाहीत. कासिमिरो मोंतेरो या पोलीस एजंटाचे नाव त्या पिढीतल्या स्वातंत्र्यसैनिकांच्या आठवणींत पुन्हा पुन्हा येते. हाच मोंतेरो पुढे पीदमध्ये गेला आणि १९६५ च्या फेब्रुवारीत स्पेनच्या हद्दीत सालाझारचा विरोधक जनरल उंबेर्तु देल्गादु याच्या खुनात त्याचा हात होता. पोर्तुगालच्या न्यायालयाने नंतर त्याला त्याच्या गैरहजेरीत दोषी ठरवले. गोव्यातल्या कोठडीत सरावलेला हात मायदेशातल्या विरोधकावर चालला. पाळतीची यंत्रणा एकदा उभी राहिली की ती ज्यांच्यासाठी उभारली त्यांच्यापुरती राहत नाही, याचा एवढा ठसठशीत दाखला आपल्या इतिहासात दुसरा नाही.

१९५४ च्या १५ ऑगस्टला आल्फ्रेड आफोंस यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहींची तुकडी तेरेखोलच्या किल्ल्यात शिरली आणि तिथे तिरंगा फडकला. पुढच्या वर्षी पुण्याच्या गोवा विमोचन सहायक समितीने सत्याग्रहाची लाट उभी केली. मे महिन्यात नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट आले, जूनमध्ये जगन्नाथराव जोशी, जुलैत मधू लिमये. मग १५ ऑगस्ट १९५५. बांद्याच्या बाजूने आलेल्या सत्याग्रहींवर पत्रादेवीला गोळ्या झाडल्या गेल्या. मध्य प्रदेशातल्या सागरच्या सहोद्राबाई राय हातात झेंडा घेऊन पुढे होत्या. त्यांना गोळी लागली. पंजाबातून आलेला कर्नैल सिंग बेनिपाल पुढे झाला आणि ठार झाला. त्या एका दिवसात गोव्याच्या सरहद्दींवर वीसहून अधिक माणसे मेली. पत्रादेवीला आज महामार्गालगत हुतात्मा स्मारक आहे. राष्ट्रीय महामार्ग ६६ गोव्यात तिथूनच शिरतो.

गोळीबारानंतर भारत सरकारने आर्थिक कोंडी आवळली. रेल्वे थांबली, परवान्याशिवाय ये-जा बंद झाली. दोन्ही बाजूंनी पहारा बसला. जी माणसे पिढ्यान्‌पिढ्या नदी ओलांडून बाजाराला, जत्रेला, बाळंतपणाला जात होती ती सहा वर्षे अडकली. स्वातंत्र्याच्या बाजूने उभ्या असलेल्या सरकारची कोंडीही या गावांनी सोसली, हे आपल्या इतिहासलेखनात फारसे येत नाही. आले पाहिजे.

१९५५ च्याच नोव्हेंबरात आंबोलीच्या जंगलातून एक रेडिओ केंद्र बोलू लागले. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो हे दोघे ते चालवत. पुढे ते कॅसलरॉकला हलवले आणि गोवा मुक्त होईपर्यंत ते बोलतच राहिले. पत्रके पकडता येतात, टपाल फोडता येते, पण घरात कान लावून ऐकणाऱ्याची नोंद कोणाला ठेवता येत नाही. जो नजरेला सापडत नाही तोच मोकळा, हे त्या सहा वर्षांत पेडणे-डिचोलीच्या माणसाला पुरते कळले होते.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. बरोबर एक वर्षाला एक दिवस कमी असताना, १८ डिसेंबर १९६२ ला, दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाने खडक सिंग विरुद्ध उत्तर प्रदेश सरकार या खटल्याचा निकाल दिला. गोव्यात त्या दिवशी त्याकडे कोणाचे लक्ष गेले असण्याचा संभव कमी. पण नव्याने भारतीय नागरिक झालेल्या गोंयकारांना पोलिसांच्या नजरेविरुद्ध कोणते संरक्षण मिळणार, हे त्या निकालात ठरत होते. खडक सिंगवर दरोड्याचा आरोप आला होता, पुराव्याअभावी तो सुटला होता. तरी पोलिसांनी त्याची हिस्ट्रीशीट उघडली. रात्री-अपरात्री शिपाई दारावर थाप मारत, त्याला उठवत, आहे की नाही बघून जात. कुठे गेला, कोणाला भेटला, याची नोंद होई. न्यायालयाने रात्रीची दारावरची थाप घटनाबाह्य ठरवली. बाकीची पाळत मात्र चालू ठेवली, कारण खासगीपणाचा हक्क घटनेत सांगितलेला नाही, असे बहुमताचे म्हणणे पडले. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी वेगळे मत दिले. ज्याच्या पावलापावलावर नजर आहे तो देहाने हिंडला तरी मोकळा नसतो. मनावर दडपण असलेल्या माणसाच्या संचाराला स्वातंत्र्य म्हणता येत नाही, असा त्यांच्या मताचा आशय होता. पेडण्याच्या एखाद्या म्हाताऱ्याला ते वाचून दाखवले असते, तर त्याला ते समजावून सांगावे लागले नसते.

सुब्बा राव यांचे मत देशाचा कायदा व्हायला पंचावन्न वर्षे लागली. २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. सरकारला त्यात हात घालायचा तर त्यासाठी कायदा हवा, हेतू रास्त हवा, आणि जेवढे आवश्यक तेवढेच करायला हवे.

पोर्तुगालचेही थोडे सांगायला हवे. २५ एप्रिल १९७४ ला तिथली हुकूमशाही पडली. पीदचे दप्तर नष्ट झाले नाही. ते लिस्बनच्या ‘तोर्रे दु तोंबु’ या राष्ट्रीय अभिलेखागारात गेले आणि १९९४ पासून लोकांना पाहता येऊ लागले. ज्याच्यावर पाळत होती तो आपली फाइल मागू शकतो, आपल्याविषयी काय लिहिले होते ते वाचू शकतो. त्यासाठी राज्य पडावे लागले, वीस वर्षे जावी लागली. पण वही उघडली गेली. पाळतीचा इतिहास लिहिताना मला हा सगळ्यांत मोठा टप्पा वाटतो. नजर नाहीशी होत नाही, पण नजरेची वही ज्याच्यावर नजर होती त्याच्या हाती येऊ शकते.

आता कॅमेऱ्याकडे येऊ.

आपल्या भागात रस्त्यावरचे पोलिसी कॅमेरे मोठ्या संख्येने आले ते दहशतवादी हल्ल्यांनंतर. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर राम प्रधान समिती नेमली गेली. तिने कॅमेऱ्यांची शिफारस केली आणि मुंबईचे कॅमेऱ्यांचे जाळे २०१६ मध्ये सुरू झाले. पुण्यात जर्मन बेकरी आणि जंगली महाराज रस्त्यावरच्या स्फोटांनी तेच केले. हेतूविषयी कोणाच्या मनात शंका नव्हती. रेल्वे स्थानकात माणसे गोळ्या खाऊन पडलेली लोकांनी पाहिली होती. पण जे कॅमेरे अतिरेकी शोधण्यासाठी लागले, त्यांवरूनच पुढे हेल्मेट, सिग्नल आणि वेगाची चलने निघू लागली. गोव्यात १ जून २०२३ पासून पणजीजवळच्या मेरशी जंक्शनवर आपोआप नियमभंग टिपणारे, आपोआप चलन काढणारे कॅमेरे सुरू झाले. रस्त्यावर मरणाऱ्यांची गोव्यातली संख्या पाहता वाहतूक शिस्तीला आणण्याची निकड खरीच आहे. चलनाला माझा विरोध नाही.

विरोध कशाला, हे समजायला हा कॅमेरा काय करतो ते जवळून पाहावे लागेल. जुना सीसीटीव्ही चित्र साठवत असे. काही घडले तर शिपाई तासन्‌तास बसून ते चित्र पाही, आणि काही दिवसांनी ते पुसले जाई. नंबर वाचणारा कॅमेरा चित्र साठवून थांबत नाही. समोरून गाडी आली की तो नंबरप्लेटचा भाग वेगळा काढतो, त्यावरची अक्षरे वाचतो, वेळ आणि जागा त्याला जोडतो आणि एक ओळ लिहून ठेवतो. चोरीची गाडी असो की बाजाराला निघालेल्या भाजीवालीची स्कूटर, ओळ सगळ्यांची लिहिली जाते. असे पाच-सहा कॅमेरे एका रस्त्यावर असले की त्या ओळींतून माणसाचा दिवस उभा राहतो. कुठून निघाला, कुठे किती वेळ थांबला, कोणत्या घराकडे वळला, रोज की फक्त गुरुवारी. चेहरा ओळखणारा कॅमेरा हेच काम चेहऱ्याच्या मोजमापांवर करतो. दोन चेहऱ्यांतले साम्य टक्क्यांत सांगतो आणि किती टक्क्यांना ‘हाच तो’ म्हणायचे ते माणसाने ठरवलेले असते. दिल्ली पोलिसांनी २०२२ मध्ये माहिती अधिकारातल्या उत्तरात सांगितले की ते ८० टक्के साम्याला जुळणी मानतात. त्याखाली उतरले तरी माणूस चौकशीतून सुटतोच असे नाही, हेही त्याच उत्तरातून निघाले.

पूर्वी खबऱ्याला पगार द्यावा लागे आणि त्याचे डोळे दोनच असत. ओळी लिहिणाऱ्या यंत्राला कोणावर नजर ठेवायची हे आधी ठरवायची गरजच नाही. ते सगळ्यांचे लिहून ठेवते. कोणाचे वाचायचे हे नंतर ठरते. गैरवापर होतो तो इथे, वाचण्याच्या क्षणी.

इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमची गोष्ट यासाठी सांगण्यासारखी आहे. २०१० मध्ये तिथल्या स्पार्कब्रुक आणि वॉशवूड हीथ या, मुख्यतः मुसलमान वस्तीच्या भागांत रस्त्यारस्त्यांवर खांब उभे राहू लागले. गुन्हेगारी आणि समाजकंटकांचा त्रास कमी व्हावा म्हणून, असे लोकांना सांगण्यात आले. एकूण २१८ कॅमेरे होते, त्यांतले बहुतेक नंबरप्लेट वाचणारे आणि काही तर लपवलेले. वस्तीत येणारी किंवा बाहेर जाणारी गाडी टिपल्याशिवाय जाऊ नये, अशी ती आखणी होती. पैसा दहशतवादविरोधी निधीतून आला होता, हे एका वृत्तपत्राने उघड केले तेव्हा वस्ती हादरली. दुकानदार, मशिदीत जाणारे, शाळेत मुले सोडणाऱ्या आया, सगळे एकाच वेळी संशयित ठरवले गेले होते आणि तेही खोटे सांगून. लोकांनी सभा घेतल्या. चौकशी बसली, तिने पोलिसांवर कडक ठपका ठेवला, पोलीस प्रमुखांनी माफी मागितली आणि २०११ मध्ये खांब उपटले गेले. पण मधल्या काळात जे तुटले ते खांबाबरोबर परत आले नाही. पोलिसांशी बोलणारी, खबर देणारी, मुलांना समजावणारी माणसे गप्प झाली. ज्या भागात पोलिसांना लोकांच्या विश्वासाची सर्वांत जास्त गरज होती, तिथेच त्यांनी तो घालवला.

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातला प्रकार अगदी वेगळा, आणि मला त्याहून बोलका वाटतो. तिथल्या सेज्विक नावाच्या छोट्या गावाचा पोलीस प्रमुख २०२३ मध्ये नंबर वाचणाऱ्या कॅमेऱ्यांच्या जाळ्यावर आपल्या पूर्वीच्या मैत्रिणीची गाडी शोधत राहिला. तिचीच नव्हे, तिच्या नव्या मित्राचीही. काही महिन्यांत २२८ वेळा. शोध घेताना यंत्र कारण विचारते. तो हरवलेले मूल, अमली पदार्थांचा तपास, अशी कारणे टाकत असे. एक वर्ष आधी जवळच्याच केची गावातल्या एका पोलीस अधिकाऱ्याला, त्याच तऱ्हेने आपल्या विभक्त बायकोचा माग काढल्याबद्दल अटक झाली होती. ही कटकारस्थाने नव्हती, दहशतवाद नव्हता, धर्म नव्हता. घरातून निघून गेलेल्या बाईला न सोडणारा पुरुष होता, आणि त्याच्या हाती सरकारी कळफलक होता. गावातल्या पोलिसाच्या हातात गावातल्या माणसांच्या येण्याजाण्याची वही देणे म्हणजे काय, ते यावरून कळते. आणि हे उघड झाले ते एकाच कारणाने: त्या जाळ्यावर कोणी, कधी, कोणता नंबर शोधला याचीही ओळ लिहिली जात होती. बघणाऱ्याची नोंद होती, म्हणून बघणारा सापडला.

आपल्या देशात हा प्रश्न न्यायालयात गेला तो हैदराबादहून. २०२१ च्या मे महिन्यात, टाळेबंदीच्या काळात, एस. क्यू. मसूद या सामाजिक कार्यकर्त्याला पोलिसांनी रस्त्यात अडवले, मास्क काढायला सांगितले. त्यांनी नकार दिला, तरी पोलिसांनी फोटो काढला. कशासाठी, कुठे ठेवणार, किती दिवस, कोणत्या कायद्याने, हे त्यांनी लेखी विचारले. उत्तर आले नाही. मग ते तेलंगण उच्च न्यायालयात गेले आणि २०२२ च्या जानेवारीत न्यायालयाने सरकारला नोटीस काढली. मसूद यांनी विचारलेले चारही प्रश्न गोव्याच्या कोणत्याही नाक्यावर लागू पडतात. चेहरा ओळखण्याच्या तंत्राला बांधून ठेवणारा वेगळा कायदा देशात झालेला नाही. २०२३ चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदा आला, पण सरकार अधिसूचना काढून आपल्या यंत्रणांना त्यातून वगळू शकते. पुट्टस्वामी निकालातली पहिलीच अट, कायदा हवा ही, इथे पुरी होत नाही.

आता पेडण्यातल्या मोपाला या. हे पठार काजूचे, चरणाऱ्या गुरांचे, धनगरांच्या वाड्यांचे. विमानतळासाठी जमीन घेण्याची प्रक्रिया वर्षानुवर्षे चालली. जमीन गेलेल्यांनी मोर्चे काढले, झाडे तोडण्याविरुद्ध लोक उभे राहिले. फेडरेशन ऑफ रेनबो वॉरियर्स आणि इतर जण सर्वोच्च न्यायालयात गेले. २९ मार्च २०१९ ला पर्यावरण मंजुरी स्थगित झाली आणि जानेवारी २०२० मध्ये ती स्थगिती उठली. स्थगिती देणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड हेच पुट्टस्वामी निकालातल्या प्रमुख मताचे लेखक. ११ डिसेंबर २०२२ ला मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले, ५ जानेवारी २०२३ पासून विमाने उतरू लागली. विमानतळ म्हटला की कॅमेरे आलेच, आणि तिथे ते असायला हवेत. विमान उडवून देऊ पाहणारे लोक जगात आहेत. प्रश्न धावपट्टीचा नाही. तो विमानतळाभोवतीच्या गावांचा आहे. मोपा, चांदेल, कासारवर्णे, वारखंड, धारगळ, उगवे या गावांतून मोठे रस्ते गेले आणि त्यांवरून रोज जाणारी माणसे प्रवासी नाहीत, रहिवासी आहेत.

पेडण्यातले टॅक्सीवाले पहा. विमानतळ आला तेव्हा स्थानिकांना रोजगार मिळेल असे सांगितले गेले. २०२४ च्या अखेरीस पार्किंगच्या वाढीव शुल्कावरून आणि आपल्या हक्काच्या धंद्यावरून ते आंदोलनाला बसले. या माणसाची गाडी दिवसातून अनेकदा त्याच रस्त्यावरून जाते. कोणत्या दिवशी ती आंदोलनाच्या जागी उभी होती, कोणाच्या घरी रात्री बैठक झाली आणि तिथे कोणाकोणाच्या गाड्या होत्या, हे नंबर वाचणाऱ्या कॅमेऱ्यांच्या जाळ्यातून काही मिनिटांत काढता येते. १९५५ साली खबऱ्याला त्यासाठी रात्रभर पडवीत बसावे लागले असते. असे इथे झाले असे मी म्हणत नाही. पण तसे होऊ नये यासाठी आज कोणता नियम आहे, असे पेडणे ठाण्यात जाऊन विचारले तर दाखवायला कागद काय आहे? आणि कागद नसताना टॅक्सीवाल्याने पुढच्या बैठकीला जाताना गाडी घरी ठेवून चालत जायचे ठरवले, तर त्याला भित्रा कोणी म्हणू नये. त्याच्या आजोबांनी पाहुण्याला दिवसा येऊ नकोस म्हणून सांगितले होते, त्याच जातीचे हे शहाणपण आहे.

कॅमेऱ्याच्या बाजूने बोलणारे म्हणतात, ज्याने काही केले नाही त्याने घाबरायचे कशाला. मग पोलीस ठाण्यातल्या कॅमेऱ्यांचे काय झाले, ते पाहू. पंजाबातल्या कोठडीतल्या छळाच्या तक्रारीवरून निघालेल्या परमवीर सिंग सैनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० ला आदेश दिला: देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे हवेत, दारे, कोठड्या, व्हरांडे, अधिकाऱ्यांच्या खोल्या, सगळे दिसले पाहिजे, रात्रीही दिसले पाहिजे, आवाजही ऐकू आला पाहिजे, आणि चित्रण १८ महिने जपले पाहिजे. पाच वर्षे उलटत आली, तेव्हा सप्टेंबर २०२५ मध्ये राजस्थानात आठ महिन्यांत कोठडीत ११ मृत्यू झाल्याची बातमी वाचून न्यायालयाला आपणहून हा विषय पुन्हा हाती घ्यावा लागला, कारण ठाण्यांतले कॅमेरे चालूच नव्हते. रस्त्यावरचा कॅमेरा दिवसरात्र चालतो, चलन चुकत नाही. कोठडीतला बंद पडतो. बिघाड यंत्रात असता तर तो दोन्हीकडे सारखा झाला असता. ज्या ठाण्यात बाळा राया मापारीसारखा माणूस पुन्हा मरू नये म्हणून कॅमेरा हवा, तिथे तो लावून घेण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाला दोनदा सांगावे लागते; आणि नाक्यावर लावायला कोणाला सांगावे लागत नाही.

त्याच २०२० च्या आदेशात एक तरतूद आहे, तिच्याकडे उत्तर गोव्यातल्या लोकांनी लक्ष द्यावे. ठाण्यातल्या कॅमेऱ्यांवर देखरेख करायला जिल्हा पातळीवर समिती असावी. तिच्यात जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक यांच्याबरोबर शहरी भागात नगराध्यक्ष आणि ग्रामीण भागात जिल्हा पंचायतीचा प्रमुख असावा, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे लोकांनी निवडून दिलेला माणूस पेडणे आणि डिचोली ठाण्यांतल्या कॅमेऱ्यांविषयी हक्काने विचारू शकतो. रस्त्यावरच्या, नाक्यावरच्या, जंक्शनवरच्या कॅमेऱ्यांसाठी अशी समिती नाही. ती मागता येते. कोणत्या अधिकाऱ्याने कोणत्या दिवशी कोणता नंबर किंवा चेहरा शोधला, कोणत्या गुन्ह्याच्या तपासासाठी, आणि त्या शोधाचे पुढे काय झाले, याची नोंदवही दर तीन महिन्यांनी या समितीपुढे यावी. ज्या गाड्यांचा कोणत्याही गुन्ह्याशी संबंध नाही त्यांच्या ओळी ठरलेल्या मुदतीत पुसल्या जाव्यात. आणि ज्याच्याविषयी शोध झाला त्याला, तपास संपल्यावर, तो झाल्याचे कळवले जावे. ग्रामसभेत ठराव मांडायला यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.